पोरांना अन्याय नेमका कशाला वाटतो, ते शोधायचं कसं

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये टीवायची (बीएच्या शेवटच्या वर्षाची) चार-पाच पोरं तरी माझ्याकडे हा विषय घेऊन येतात. "शिक्षणातील समानता व सामाजिक न्याय : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन", नाव एवढं लांब की कव्हरवर दोन ओळींतही बसत नाही. मग करतात काय तर एक गूगल फॉर्म, दहा प्रश्न, त्यातला पहिला "सर्वांना समान शिक्षण मिळावे असे आपणांस वाटते का? होय / नाही / सांगता येत नाही". आता याला नाही कोण म्हणणार? सगळ्यांचं होय, पाय चार्ट अख्खा निळा, खाली निष्कर्ष "विद्यार्थ्यांना समानता हवी आहे असे दिसून येते". झाला प्रोजेक्ट. बाइंडिंगचे साठ रुपये वाया.

मी एका तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर समाजशास्त्र शिकवते (सीएचबी म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, तेही आले तेव्हा आले, असो) आणि या विषयावर पोरांकडून बऱ्यापैकी काम करून घ्यायला मला स्वतःला तीन-चार बॅच लागल्या. काय चुकलं, काय जमलं ते एकदाच लिहून टाकते म्हणजे परत परत सांगायला नको. कोणाला प्रोजेक्टला उपयोगी पडेल, कोणाला वर्गात नुसतं घेऊन बघायला.

आधी शब्द बदला

"न्याय्य" हा शब्द फॉर्ममधून काढून टाका. कॅन्टीनमध्ये बसलेलं एकही पोरगं "हे न्याय्य नाही" असं म्हणत नाही. "रास्त" म्हणाल तर तो शब्द त्यांनी फक्त रेशनच्या दुकानाच्या पाटीवर वाचलेला असतो, रास्त भाव दुकान क्रमांक अमुक. पोरं म्हणतात पार्शालिटी केली, सेटिंग आहे, वशिला लागला, त्यांना चालतंय आणि आम्हालाच नियम. आणि एखादी गोष्ट बरोबर वाटली तर काय म्हणतात ते पण ऐका, "सर कडक आहेत पण सगळ्यांना सारखेच". हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला वाटतं अर्धा विषय त्यातच आहे, कारण त्यात सर मार्क किती देतात याचा पत्ताच नाही, मार्क कमीच देत असणार, तरी तक्रार नाही.

तर प्रश्न लिहिताना असेच शब्द वापरा. "मूल्यमापनात पक्षपात होतो असे वाटते का" असं नाही, "इंटर्नलचे मार्क देताना पार्शालिटी होते का, शेवटची कधी झाली, काय झालं". शेवटची कधी हे महत्त्वाचं आहे. एकूणात विचारलं की पोरं भाषण देतात, शेवटचं विचारलं की आठवतात.

चिठ्ठ्या

फॉर्म नंतर. आधी एक तास चिठ्ठ्यांना द्या, आणि हा भाग मी जरा सविस्तर सांगते कारण इथेच सगळा माल मिळतो.

एकसारखे कागद कापा, वहीच्या पानाचा चौथा हिस्सा. सगळ्यांना निळंच पेन. फळ्यावर एवढंच लिहा: या वर्षात कॉलेजात, घरी नाहीतर गावात कधी असं वाटलं का की हे बरोबर झालं नाही? काय झालं तेवढं लिहा. स्वतःचं नाव नको, दुसऱ्याचंही नको. दहा मिनिटं.

आता एक गोम आहे. ज्याला लिहायचंय तोच लिहितो आणि बाकीचे इकडेतिकडे बघतात, मग कोण लिहितंय ते सगळ्या वर्गाला दिसतं. म्हणून सांगा की ज्याला काही आठवत नाही त्याने फळ्यावरचा प्रश्नच तीनदा उतरवून काढायचा. सगळ्यांचे पेन चालू पाहिजेत. आणि तुम्ही वर्गात फिरू नका, खिडकीशी जाऊन उभे राहा. गोळा करायला खोकं फिरवा, हातात घेऊ नका. मी पहिल्या वर्षी हातात घेतल्या होत्या, प्रत्येक जण घडी चार-चार वेळा घालून देत होता तेव्हा कळलं.

काय येतं? इंटर्नलचे मार्क येतातच. जर्नलवर सही करायला तीन दिवस फिरवलं. गॅदरिंगला नेहमीच्याच पोरी स्टेजवर. एक्स्ट्रा लेक्चर पाचला ठेवतात आणि आमची शेवटची गाडी पावणेपाचला. मुलींच्या होस्टेलचं गेट सातला बंद, मुलांचं कधीही. भावाला पुण्याला क्लास लावला, मला म्हणाले तू इथेच कर बीए. एसटीच्या पासाबद्दल पण येतं, आणि ते मला आधी लक्षातच आलं नव्हतं, बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट असतो आणि एफवायला (बीएच्या पहिल्या वर्षाला) आली की तीच मुलगी, तीच गाडी, तोच रस्ता, आता पैसे भरायचे. सवलत असते, एक तृतीयांशच भरायचे असतात, पण कालपर्यंत शून्य होतं ना. एका चिठ्ठीत फक्त एवढंच होतं, "बारावी पास झाल्याचा दंड".

मग या चिठ्ठ्यांचे ढीग लावा. तीन ढीग: काय मिळालं, कसं ठरलं, आणि कसं वागवलं. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, विचारतील म्हणून सांगते, पहिल्याला पुस्तकात वितरणाचा न्याय म्हणतात, दुसऱ्याला प्रक्रियेचा, तिसऱ्याला परस्पर वागणुकीचा. ढीग दोघा-तिघांनी वेगवेगळे लावायचे आणि मग जुळतात का बघायचं. जुळत नाहीत, तिथे खरी मजा.

आमच्याकडे एक चिठ्ठी होती, आम्ही दोघींनी प्रोजेक्ट मिळून केला, तिला २० पैकी १८ आणि मला १४, सरांना विचारलं तर म्हणाले मिळाले ते बघ. माझ्या टीममधल्या एकाने ती पहिल्या ढिगात टाकली, मार्कांची तक्रार म्हणून. दुसरीने दुसऱ्यात, कारण मार्क कसे दिले तेच कोणाला माहीत नाही. आणि तिसरी म्हणाली की अरे शेवटचं वाक्य वाचा, तिला १४ चं काही नाहीये, "मिळाले ते बघ" याचं आहे. वीस मिनिटं भांडले त्यावर. मी मध्ये पडले नाही. शेवटी तिसऱ्या ढिगात गेली, आणि मग त्यांनी आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या परत काढल्या आणि पहिला ढीग बघता बघता अर्ध्यावर आला.

स्कॉलरशिपचं पण असंच. महाडीबीटीवर (सरकारी स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर) फॉर्म महिनोन्महिने अडकतो, ही तक्रार असतेच, ती पहिल्या-दुसऱ्या ढिगातली. पण एक चिठ्ठी अशी आली की स्कॉलरशिप मिळाली, प्रॉब्लेम नाही, पण शिपाईमामा वर्गात येऊन मोठ्याने वाचतात की एससी, एसटी, एनटीच्या पोरांनी ऑफिसात भेटायचं आणि मग आम्हाला सगळ्यांसमोर उठून जावं लागतं. पैसे मिळालेले आहेत बघा. तुमच्या फॉर्ममध्ये "शिष्यवृत्ती मिळाली का? होय" असं टिक झालं असतं आणि तुम्ही लिहिलं असतं समाधानी.

हे ढीग एकदा लागले की तुमचे फॉर्मचे प्रश्न आपोआप तयार होतात, गाईडमधून उतरवायला लागत नाहीत.

एकच गोष्ट, दोन कागद

सरळ मत विचारलं की पोरं शहाण्यासारखी उत्तरं देतात. त्यापेक्षा एक छोटी गोष्ट द्या आणि त्यातला एकच तुकडा बदला. अर्ध्या वर्गाला एक कागद, अर्ध्याला दुसरा, आणि कोणाला सांगायचं नाही की कागद वेगळे आहेत. वाटताना रोल नंबर सम-विषम करा, बाकाप्रमाणे नको, कारण मैत्रिणी शेजारी बसतात आणि पुढचे बाक-मागचे बाक ही स्वतःच एक जात आहे.

उदाहरण देते. "एका मुलाची हजेरी ६२ टक्के आहे. नियम ७५ टक्क्यांचा आहे. तो रात्री हॉटेलात काम करतो म्हणून सकाळच्या तासांना येत नाही. त्याला परीक्षेला बसू द्यावं का?" हा पहिला कागद. दुसऱ्यात सगळं तेच, फक्त हॉटेलाच्या जागी "तो जिल्ह्याच्या कबड्डी टीममध्ये आहे, प्रॅक्टिस असते". बस. खाली हो-नाही आणि एक ओळ कारण. हो किती आले ते मोजा पण कारणं नीट वाचा. कबड्डीवाल्याला सूट देताना पोरं लिहितात "कॉलेजचं नाव होतं", हॉटेलवाल्याला देताना लिहितात "गरीब आहे". दोघांनाही सूट मिळाली पण एकाला मानाने आणि एकाला दयेने. काही जण हॉटेलवाल्याला नाही म्हणतात आणि लिहितात "मी पण काम करतो, मी येतो". या उत्तरावर थांबा जरा. आपण समजतो की ज्याने सोसलंय तो दुसऱ्याला समजून घेईल. नेहमी नाही. सोसून नियम पाळलेल्याला सूट ही स्वतःच्या कष्टाची चेष्टा वाटू शकते.

दुसरा एक कागद चांगला चालतो तो भावाबहिणीचा. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला की ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास), ओबीसी या गटांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मुलांना त्याच गटात साधारण निम्मी. तर लिहा: जुळे भाऊ-बहीण, दोघांना इंजिनिअरिंगला नंबर लागला, बापाकडे एकाचेच पैसे, मुलीची फी माफ आणि मुलाची निम्मी भरायची. हे बरोबर आहे का? दुसऱ्या कागदावर एवढीच ओळ वाढवा, "योजना नव्हती तेव्हा बापाने थोरल्या मुलीला बारावीनंतर घरी बसवलं होतं". बघा काय होतं ते. मी सांगत नाही, तुमच्या वर्गाचं वेगळं निघेल.

लपवायच्या गोष्टी: नाणं काढा

कॉपी केली का, वशिला लावला का, दुसऱ्याकडून प्रोजेक्ट विकत घेतला का, हे सरळ विचारून कोणी सांगणार नाही, नाव नसलं तरी. यासाठी एक भारी युक्ती आहे, स्टॅनले वॉर्नर नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६५ साली मूळ कल्पना मांडली, त्याने फिरकी वापरली होती, नाण्याची ही सोपी पद्धत नंतर आली.

प्रत्येकाने एक नाणं घ्यायचं आणि बाकाखाली उडवायचं, कोणाला दाखवायचं नाही. छापा पडला तर कागदावर डोळे मिटून "हो" लिहायचं, प्रश्न काही का असेना. काटा पडला तरच खरं उत्तर लिहायचं. म्हणजे कागदावर "हो" दिसलं तरी ते नाण्याचं की त्या पोराचं हे देवाला पण कळणार नाही. पण वर्गाचा हिशोब मात्र निघतो.

समजा ६० पोरं. छापा साधारण ३० जणांना पडणार, ते ३० "हो" फुकटचे. आणि एकूण "हो" आले ४२. म्हणजे १२ "हो" उरलेल्या ३० जणांकडून आले, ते खरं बोलत होते. ३० मध्ये १२, म्हणजे १०० मध्ये ४०. झालं.

पण लगेच "४० टक्के विद्यार्थी कॉपी करतात" म्हणून छापू नका. नाणी मोजून ३०च पडतील असं थोडंच आहे. २६ छापे पडले असतील तर हिशोब ३४ पैकी १६ होतो, म्हणजे ४७ टक्के. ३४ पडले असतील तर २६ पैकी ८, म्हणजे ३१ टक्के. तेव्हा लिहायचं "तिसरा हिस्सा ते निम्मे यांच्या मध्ये कुठेतरी". एक्स्टर्नल खूश होतो, खरंच, कारण एवढं प्रामाणिक वाक्य प्रोजेक्टमध्ये सहसा नसतं. दोन-तीन वर्गांवर मिळून केलं तर आकडा अजून सुधारतो.

एक सूचना, आधी एखाद्या बिनधोक प्रश्नावर प्रॅक्टिस घ्या, "आज डबा आणलाय का" वगैरे. नाहीतर निम्म्या पोरांना छाप्याला काय करायचं तेच कळलेलं नसतं.

शंभर रुपयांचा खेळ पण घेता येईल, पटकन सांगते. दोघांची जोडी, एकाला खोटे १०० रुपये, त्याने ठरवायचं दुसऱ्याला किती द्यायचे, दुसऱ्याने नको म्हटलं तर दोघांनाही काही नाही. १९८२ साली जर्मनीतल्या अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रयोग केला आणि नंतर जगभर झाला. हिशोबाने बघितलं तर १० रुपये मिळाले तरी घ्यायला पाहिजेत, काहीच नसण्यापेक्षा बरे, पण लोक नाकारतात. स्वतःचं नुकसान करून नाकारतात. दुसऱ्या फेरीत आधी जीकेची छोटी टेस्ट घ्या आणि जास्त मार्कवाल्याला वाटणारा करा. आता तोच माणूस जास्त ठेवून घेतो आणि समोरचाही फार कुरकुर करत नाही, असं प्रयोगांमध्ये दिसलेलं आहे. मेरिट म्हणजे काय यावर तासभर बोलण्यापेक्षा हे दहा मिनिटांत होतं. तेवढ्यात एखादं पोरगं विचारतंच की मॅडम पण जीकेचे प्रश्न कोणी काढले. तो पोरगा पुढे जाणार.

आरक्षणाचा प्रश्न

टाळू नका. टाळला तर तोच वर्गात बसलेला असतो आणि बाकी सगळी उत्तरं त्याच्याच सावलीत येतात. पण तोंडी चर्चा घेऊ नका, निदान सुरुवातीला तरी नाही. मी एकदा घेतली होती. चार जण बोलले, दोन्ही बाजूचे, बाकीचे खाली बघत होते, आणि एका मुलीकडे सगळे बघायला लागले की आता ही बोलेल. तिने बोलायचं का? तिच्या अख्ख्या समाजाच्या वतीने? तो तास मी अजून विसरलेली नाही. त्यानंतर आठवडाभर मागच्या दोन रांगांची बसायची पद्धत बदललेली होती.

लेखी घ्या, आणि मताच्या आधी माहिती विचारा. कोणाला किती टक्के आहे ते लिहा म्हणावं. राज्यात सरकारी नोकऱ्यांचा तक्ता असा आहे: एससी १३, एसटी ७, ओबीसी १९, व्हीजेएनटीचे (विमुक्त जाती, भटक्या जमाती) सगळे मिळून ११, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) २, झाले ५२. त्यावर ईडब्ल्यूएस १०, ते २०१९ च्या घटनादुरुस्तीने आलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोन असं ते कायम ठेवलं. आणि मराठा समाजासाठी एसईबीसी १०, फेब्रुवारी २०२४ चा कायदा, त्याला कोर्टात आव्हान दिलेलं आहे. त्याआधीचा २०१८ चा कायदा सुप्रीम कोर्टाने मे २०२१ मध्ये रद्द केला होता. बहुतेक पोरांचा आकडा चुकतो, आणि गंमत म्हणजे स्वतःच्या गटाचा आकडा कमी आणि दुसऱ्याचा जास्त असा चुकतो. हे पण नोंदवा, हाच डेटा आहे. ईडब्ल्यूएसला आणि ओबीसी वगैरेंच्या नॉन क्रीमीलेयर दाखल्याला दोन्हीकडे ८ लाखांचीच मर्यादा आहे हे सांगितलं की वर्ग दोन मिनिटं शांत होतो, हिशोब करत असतो.

मग कट ऑफचा कागद. पोरं व्हॉट्सअॅपवर कट ऑफ लिस्टचा स्क्रीनशॉट फिरवतात, दोन आकड्यांना लाल गोल केलेला, खाली रागाचे इमोजी. तो स्क्रीनशॉटच घ्या आणि म्हणा याला रकाने वाढवा. पर्सेंटाइलच्या शेजारी अजून काय माहीत असतं तर तुम्ही ठरवलं असतं की हे बरोबर का चूक? पोरं स्वतःच लिहितात: शाळा कुठली, क्लासला किती पैसे घातले, घरी अभ्यासाला जागा आहे का, किती वेळा परीक्षा दिली, आई शिकलेली आहे का. कोणी लिहितं जात, कोणी मुद्दाम लिहीत नाही. कोणी लिहितं "शेती किती", कोणी "विहिरीला पाणी आहे का", ऊसतोडीचा तालुका आहे आमचा. रकाने वाढले की मत बदलतंच असं नाही, पण मत मांडायची भाषा बदलते, "त्यांना फुकट" वरून "याला मोजायचं कसं" वर येते. मला विचाराल तर वर्गात एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

इतिहासाचे दोन तुकडे याच वेळी द्या, भाषण न देता, नुसते वाचायला. एक म्हणजे १८८२ चं महात्मा फुल्यांचं हंटर आयोगापुढचं (इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढचं) निवेदन. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या कामी येतो, असा सरळ हिशोब त्यात मांडलेला आहे. दुसरा २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा आदेश, कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांना. जयंतीला हार घालून झालेले असतात पण म्हणणं काय होतं ते वाचलेलं नसतं. फुल्यांचा मुद्दा ऐकून एक पोरगा म्हणाला, "हे तर जीएसटीसारखं झालं, भरतात सगळे". मला ते अजून पटलेलं नाही आणि खोडताही आलेलं नाही.

आणि नीटचा (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा) विषय निघतोच. २०२४ ची नीट आठवत असेल, ४ जूनला निकाल लागला, ६७ जणांना ७२० पैकी ७२०, आणि मग कळलं की १५६३ जणांना वेळ वाया गेला म्हणून ग्रेस मार्क दिलेत. ते नंतर रद्द झाले, त्यांची २३ जूनला परत परीक्षा झाली. त्या वर्षीच्या चिठ्ठ्यांत नीट न दिलेल्या, बीएच्या पोरांनी पण त्यावर लिहिलं होतं. त्यांचा काय संबंध? पण राग मार्कांचा नव्हता, ग्रेस मार्क देतात हे आधी कोणाला सांगितलंच नव्हतं याचा होता. परत दुसरा ढीग. "कडक आहेत पण सगळ्यांना सारखेच" याची बरोबर उलटी बाजू.

जात विचारायची का फॉर्ममध्ये? माझं मत, लहान वर्गात नको. ५० जणांच्या वर्गात "एनटी-सी, मुलगी, होस्टेल" एवढं लिहिलं की ती कोण ते सगळ्यांना माहीत. विचारायचंच असेल तर दोन-तीन कॉलेज मिळून करा आणि तो रकाना ऐच्छिक ठेवा. गूगल फॉर्म असेल तर ईमेल गोळा करायचं सेटिंग बंद करा, आणि बंद केलंय ते पोरांना स्क्रीनवर दाखवा, नुसतं सांगितलेलं कोणी धरत नाही.

कोण आलंच नाही

हे सगळेच विसरतात. तुम्ही सर्व्हे घेतला त्या दिवशी वर्गात ३८ जण होते, पटावर ७४. बाकीचे ३६ कुठे? आठवडी बाजाराच्या दिवशी घेतला असेल तर निम्मे बाजारात बापाच्या गाड्यावर. शेवटच्या तासाला घेतला तर एसटीवाले गेलेले. दिवाळीनंतर घेतला तर आमच्याकडे ऊसतोडीच्या घरची काही पोरं कारखान्यावर, ती मार्च-एप्रिलशिवाय दिसत नाहीत, परीक्षेला येतात फक्त. म्हणजे शिक्षणात कोणावर अन्याय होतो हे तुम्ही अशांना विचारताय ज्यांना रोज कॉलेजात बसायला मिळतं.

तेव्हा दोन वेगवेगळ्या दिवशी घ्या, एकदा सकाळी. कमवा-शिकाची (कॉलेजात काम करून शिकणारी) पोरं बागेत असतात त्या वेळी तिथेच जा. कारखान्यावर गेलेल्याला फोन करा, रात्री आठनंतर, रेंज असेल तर. दहा जणांना फोन लागला तरी बास. माझ्या एका विद्यार्थ्याने असे सहा फोन केले, त्यातल्या एकाने विचारलं, कॉलेजात अन्याय होतो का म्हणजे काय, मी कुठे कॉलेजात आहे. ते वाक्य त्याने प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर घातलं.

लिहिताना आणि नंतर

टक्के शंभराच्या खाली वापरू नका. ३८ पैकी २१ असंच लिहा, वाचणाऱ्याला कळतं किती छोटं आहे ते. चिठ्ठ्यांमधली वाक्यं तशीच्या तशी द्या पण ओळखू येईल असं काही असेल तर बदला, विषय बदला, गाव बदला.

आणि निकाल त्याच वर्गात परत सांगा. पोरांकडून लिहून घेतलं आणि नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलमध्ये लावलं, हे त्यांनी दहा वेळा बघितलेलं असतं. सांगताना तुमच्याबद्दल पण काही निघेल, तयारी ठेवा. माझ्याबद्दल आलं होतं, "मॅडम पुढच्या बाकांनाच प्रश्न विचारतात". मला वाटलं छे. मग एका मुलीला मागे बसवून मोजायला सांगितलं. आठवड्यात ३१ प्रश्न, त्यातले २२ पहिल्या तीन बाकांना. तेव्हापासून मी रोल नंबरने विचारते, शेवटून सुरुवात करून. पुढच्या चिठ्ठ्यांत लगेच आलं की मॅडम हल्ली मागच्यांच्याच मागे लागतात.

इंटर्नलचं पण थोडं झालं, एका सरांनी २० मार्क कशाला किती ते सेमिस्टरच्या सुरुवातीलाच फळ्यावर लिहायला सुरुवात केली. मार्क तेवढेच देतात, कंजूषच आहेत. शिपाईमामांचं मात्र चालू आहे, ऑफिसला दोनदा लिहून दिलं, आता पोरांनी स्वतःच ठरवलंय की नोटीस वाचली की सगळा वर्ग उठायचा. दोनदा उठला म्हणे.

चिठ्ठ्या फेकू नका. ओळखू येण्यासारख्या फाडून टाका, बाकीच्या पुढच्या बॅचला ढीग लावायच्या प्रॅक्टिसला द्या, स्वतःच्या वर्गाच्या चिठ्ठ्यांना हात लावण्याआधी दुसऱ्यांच्यावर हात बसलेला बरा. माझ्याकडे चार वर्षांच्या आहेत, कापडाच्या पिशवीत, घरी माळ्यावर, कारण डिपार्टमेंटमध्ये सीएचबीवाल्यांना कपाट मिळत नाही. कोणाला हव्या असतील तर पितृपंधरवड्यात सांगा, दिवाळीच्या साफसफाईला माळा काढते तेव्हा खाली येतीलच.